पिराजीचा बुडबुडे मोजणारा दिवा

नळदुर्गच्या एसटी स्टँडवर पिराजीला सगळे मेजर म्हणायचे. तो मेजर कधीच नव्हता. हवालदार म्हणून निवृत्त झाला, आणि फौजेतही त्याचं काम बंदूक चालवण्याचं नव्हतं, बंद पडलेले वायरलेस चालू करण्याचं होतं. पण आमच्याकडे फौजेतून जो परत येतो तो मेजर. पिराजीनं सुरुवातीला लोकांची ही चूक दुरुस्त करून पाहिली, मग कंटाळून नाद सोडला. नादुरुस्त म्हणून सोडून दिलेली त्याच्या आयुष्यातली ती बहुधा एकच गोष्ट असेल.

मी त्याच स्टँडवर कंट्रोलर होतो. गाड्या वेळेवर सोडणं हे माझं काम, आणि गाड्या काही वेळेवर यायच्या नाहीत, म्हणून माझा स्वभाव चिडका झाला असं माझी बायको म्हणते. खरं म्हणजे तो आधीपासूनच तसा आहे. पिराजीचं घर आणि माझी खोली पाठीला पाठ लावून, मध्ये एक बोळ. त्याची टपरी हायवेच्या कडेला. तिथं रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांचे मुके झालेले हॉर्न दुरुस्तीला यायचे. ट्रकवाला घाईत असायचा, तो "जल्दी करो उस्ताद" म्हणून डोकं खायचा, आणि हा हॉर्न कानाशी धरून बसायचा. "बोलू नगा, ऐकू द्या," म्हणायचा. मुका हॉर्न काय ऐकायचा, देव जाणे. पण दुपारपर्यंत तो हॉर्न सगळ्या स्टँडची झोप उडवत असायचा.

पिराजी प्यायचा. फौजेत रम मिळायची तिथं सवय लागली आणि गावी आल्यावर ती वाढली. वाढली म्हणजे किती, ते मी सांगत बसत नाही. टपरी दिवसदिवस बंद असायची एवढं सांगतो. मग पंचाहत्तर सालच्या बुद्धपौर्णिमेला तो वस्तीतल्या विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायला उभा राहिला. पाचवं शील दारूचं. तिथवर आला आणि त्याचा आवाजच बंद झाला. बाकीचे म्हणून खाली बसले, हा आपला उभाच. मग सगळ्यांच्या देखत एकट्यानं त्यानं ते म्हटलं, आणि त्या दिवसापासून थेंब नाही.

त्याचं पाळणंही फौजी. थेंब प्यायचा नाही एवढ्यावर त्याचं भागत नव्हतं. दारूचा वाससुद्धा घ्यायचा नाही. कुणी पिऊन टपरीवर आला तर हा पलीकडे तोंड करून बोलायचा, किंवा सरळ उठून चालायला लागायचा. मी एकदा त्याला म्हणालो, "अरे, वासानं काय होतंय?" तर म्हणाला, "बिराप्पा, माझं नाक आधी पितं, तोंड मागनं." मला हसू आलं, पण तो हसला नाही.

असा हा माणूस. आणि त्यानंच शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात स्वतःच्या घरात बरणीभर रस आंबवायला घातला!

त्याचं असं झालं. पाऊस मागच्या सालीच दगा देऊन गेला होता. बोरी नदीत वाळू, विहिरींचे तळ उघडे, गावाला टँकर. सहकारी साखर कारखान्याचा पट्टा पाडव्याच्या आत पडला, म्हणजे गाळप बंद. ज्यांच्या उसाला तोड मिळाली नाही त्यांचा ऊस उभ्या जागी वाळायला लागला. पिराजीच्या ओळखीच्या एकानं रेडिओ दुरुस्त केल्याबद्दल बैलगाडीभर ऊस आणून दारात टाकला. एवढ्या उसाचं करायचं काय? शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चघळला, शेळ्यांनी शेंड्याचं वाढं खाल्लं, तरी ढीग तसाच.

तेव्हा पिराजीला फिरोजपूर आठवलं. तिथं छावणीजवळ एक पंजाबी म्हातारी उसाच्या रसाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, करायची. काळपट, आंबट, नाकात झिणझिण्या आणणारा. त्यात मुरवलेला कांदा आणि रोटी. पिराजीच्या बोलण्यात तो कांदा मी इतक्या वेळा ऐकला होता की मला तो न खाताच पाठ झाला होता. हायवेवर दर्शनसिंगाचा ढाबा होता, तोही सिरक्यासाठी हळहळायचा. सोलापुरातून आणलेल्या पांढऱ्या बाटलीला तो "ये सिरका नहीं मेजर, तेजाब है" म्हणायचा. आपण करू, असं पिराजीच्या मनानं घेतलं. रसवंतीवर नेऊन त्यानं ऊस पिळून आणला. रसाला वरून पाणी लागत नाही, ही दुष्काळात मोठीच सोय.

अडचण एकच होती आणि ती त्यानं आधी बायकोला सांगितली. हे त्याचं मला आवडायचं. चांगुणावैनी भाकरी थापत होत्या.

"उसाच्या रसाची आदी दारू व्हती, मग तिचा सिरका व्हतो," पिराजी म्हणाला.

वैनींचा हात थांबला. "म्हंजी माझ्या घरात दारू व्हनार?"

"व्हनार. पर ऱ्हानार न्हाय. आंबून जानार."

"अन् तुमी?"

"म्या झाकन उघडनार न्हाय. वास घेनार न्हाय. तसा जुगाड करतो."

वैनींनी भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, उलटली. मग म्हणाल्या, "करा. पर ज्या दिशी तुमी त्या बरनीला नाक लावलं, त्या दिशी ती उकिरड्यावर जाईल, अन् म्या लेकीकडं बेंबळीला."

अशी ती शर्त. वैनी बोलल्या म्हणजे बोलल्या, हे आमच्या बोळात सगळ्यांना माहीत होतं.

आता सिरका करणारी माणसं काय करतात? झाकण उघडतात, वास घेतात, बोट बुडवून चाटतात आणि सांगतात, अजून थांबा किंवा झालं. पिराजीला ते सगळं बंद. रसाची दारू पुरी झाली की झाकण काढायचं, त्यात जुना सिरका विरजणासारखा घालायचा आणि वर पातळ फडकं बांधायचं, मग तो आंबट व्हायला लागतो. झाकण आधी काढलं तर रस नासतो आणि बुरशी धरतो. काढलंच नाही तर घरात नुसती दारू बसून राहते. म्हणजे दारू पुरी कधी झाली ते कळायला हवं, आणि नाक तर लावायचं नाही. मग कळायचं कसं?

पिराजीनं वायरलेसवाल्याच्या डोक्यानं विचार केला. रस आंबताना गॅस सुटतो. चिनी मातीच्या बरणीचं झाकण त्यानं मेणानं बंद केलं, झाकणातून सलाइनची नळी काढली आणि तिचं टोक पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीत बुडवलं. गॅस नळीतून येतो, पाण्यात बुडबुडा होऊन वर जातो. इथवर कुणीही केलं असतं. पुढचं पिराजीचं. त्यानं बाटलीत दोन तारा सोडल्या, एक पाण्यात आणि एक पाण्याच्या अगदी वर, शिवेल न शिवेल अशी. बुडबुडा फुटला की पाणी उडतं, वरच्या तारेला लागतं, तेवढ्यापुरती वीज वाहते. ती एवढीशी वीज जुन्या रेडिओतल्या ट्रान्झिस्टरनं मोठी करायची आणि तिच्यावर बॅटरीचा छोटा बल्ब लावायचा. बुडबुडा आला की दिवा लुकलुकणार. जोरात आंबतंय तोवर दिवा घाईघाईनं, मग सावकाश, मग बंद. बंद म्हणजे दारू पुरी. नाकाला रुमाल बांधून झाकण काढायचं, ढाब्यावरून आणलेला जुना सिरका ओतायचा, फडकं बांधून मोकळं व्हायचं.

सगळा सरंजाम स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडला. पहिल्या दिवशी दिवा लुकलुकला तेव्हा मी, वैनी आणि पिराजीची आई बनाबाई, तिघंही पाहायला उभे. गुडुप् आवाज व्हायचा आणि दिवा लागायचा. गुडुप्, दिवा. पिराजीचा चेहरा असा की पहिलं लेकरू झाल्यावरही नसेल.

बनाबाई बराच वेळ पाहत होत्या. "मंग ह्याचं करायचं काय?" त्यांनी विचारलं.

"बगायचं, माय. बुडबुडं यायचं थांबलं का कळतंय."

"पान्याकडं बगितलं तरी कळतंय की."

"दिसभर कोन बगत बसनार? अन् शेवटी शेवटी तर लई येळानं एक येतो."

"आमाला काय, आमी बसूनच हावत," असं म्हणून त्या बाहेर निघून गेल्या. म्हातारीला त्या यंत्राची किंमत कळली नाही असं मला तेव्हा वाटलं.

चार-सहा दिवस सगळं सुरळीत चाललं. पिराजी टपरीवरून आल्या आल्या फळीपुढं उभा राहायचा, दिवा पाहायचा, मान हलवायचा. मग यंत्र बिघडलं.

एके दिवशी दिवा लुकलुकायच्या ऐवजी नुसता लागूनच राहिला. बुडबुडा असो नसो, दिवा चालूच. संध्याकाळी मंद होऊन विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळपासून चालू. पिराजीनं सेल बदलले. काही नाही. तारांच्या जोडांची झाळ तपासली, पुन्हा केली. काही नाही. मग त्याला वाटलं, उन्हाळा आहे, जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टर उन्हानं तापला की आपोआप वीज सोडतो. म्हणून त्यानं तो माठाच्या सावलीला नेऊन ठेवला, वर ओलं फडकं घातलं. फडकं ओलं करायला वाटीभर पाणी मागितलं तेव्हा वैनींनी ज्या नजरेनं पाहिलं, ती पाहून मी चहा टाकून बाहेर आलो. दिवा तरीही चालूच. मग तारांवर हिरवा गंज चढलाय म्हणून त्या घासल्या. घासल्यावर दिवा थोडा वेळ शहाण्यासारखा वागला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मूळ पदावर.

पिराजी खचला. तुम्ही म्हणाल, एवढ्या खेळण्यासाठी माणूस खचतो का? पण ते खेळणं नव्हतं. त्याच्या घरात, त्याच्या हातानं, दारू होत होती. ती कधी पुरी झाली हे त्याला दिवाच सांगणार होता. दिवा खोटं बोलायला लागला तर उरलं त्याचं नाक, आणि नाकाला तर तो घाबरत होता. टपरीवर बसून तो मला म्हणाला, "बिराप्पा, काल फळीपुढं हुबा ऱ्हायलो अन् वाटलं, वाकून बगावं. जरासं. कुनाला कळतंय?" मग समोरचा हॉर्न त्यानं उगाच उलटासुलटा केला. "म्हून म्या बाहीर अंगनात झोपाय लागलो."

मला त्याचा राग आला. कशाला नसत्या भानगडी करतो माणूस? बाजारात काय बिनसिरक्याचा कांदा मिळत नाही? पण राग आला तो काळजीनं, हेही खरं. मी म्हणालो, "रविवारी माझी सुट्टी हाय. दोघं मिळून बघू."

रविवारी सकाळी आम्ही बसलो. पिराजीनं सगळं उलगडून चटईवर मांडलं. एकेक भाग तो दुसऱ्या सेलवर लावून पाहत होता. बल्ब चांगला. ट्रान्झिस्टर चांगला. तारा चांगल्या. "यंत्रात बिघाडच न्हाय," तो म्हणाला, आणि हे म्हणताना तो जास्तच चिंतेत पडला. मग त्यानं ती काचेची बाटली उचलून उजेडात धरली. पाणी गढूळ होतं. वर फेसाची साय जमली होती आणि ती थेट वरच्या तारेपर्यंत टेकत होती. फेस ओला, फेसातून वीज वाहणार, दिवा लागूनच राहणार. संध्याकाळी फेस बसला की दिवा विझणार. आणि त्या पाण्यात, मी स्वतः पाहिलं, तुरीच्या डाळीचं एक साल तरंगत होतं.

सलाइनच्या नळीतून डाळ येत नाही, एवढं मला कंट्रोलरलाही कळलं.

"चांगुणा," पिराजीनं हाक मारली, "ह्या बाटलीतलं पानी कुनी बदललं?"

वैनी दारात आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. उत्तर उंबऱ्यापलीकडून आलं.

"म्याच." बनाबाई लिंबाच्या काडीनं दात घासत होत्या. त्यांच्या आवाजात चोरी पकडल्याचं काहीही नव्हतं. "रोज पाटंचं बदलती."

"माय! कशापायी?"

"कशापायी म्हंजी? सारं गाव टँकरमागं घागरी घिऊन पळतंय, अन् हितं गोड्या पान्याची बाटली बुडबुडं काडत बसलीया. बुडबुडं काय, डाळ धुतल्यालं पानी बी काडतंय की. म्या बगितलं काडून. चांगलं निगतंय."

पिराजीनं कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना. यंत्राची किंमत म्हातारीला कळली नाही असं मला वाटलं होतं. त्यांना ती पक्की कळली होती. त्यांच्या लेखी ती बाटलीभर पाण्याइतकी होती, आणि त्या साली बाटलीभर पाणी म्हणजे थोडं नव्हतं.

"अन् म्या रोज सांजच्याला, गॅसनं गडूळलं म्हून, नवं पानी भरायचो, ते कुटं जायचं?"

"तू रोज सांजच्याला चांगलं पानी भरायचास, म्या रोज पाटंचं ते काडून घ्यायची. रांजनात वतायची. वाया न्हाय घालवलं थेंबभर."

माझं हसू तिथंच थांबलं, कारण पिराजीचा चेहरा पांढरा पडला होता. रांजण म्हणजे घरातलं प्यायचं पाणी. दारू होत असलेल्या रसाचा गॅस रात्रभर ज्या पाण्यातून गेला, तेच पाणी हे सगळं घर पीत होतं. पिराजी त्यातूनच तांब्या भरून रोज टपरीवर न्यायचा.

"मला वास यायचा," तो हळूच म्हणाला. "जरासा. म्या म्हनलं, टँकरच्या पान्याचा आसंल."

"अरे, तो गॅस आहे नुसता," मी समजावलं. "सोडावॉटरमध्ये काय असतं? तसंच. दारू बरणीत, पाण्यात नाही."

पण तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. अकरा वर्षं पाळलेलं वचन. ते मोडलं की नाही हे त्याला कुठल्याच यंत्रावर मोजता येत नव्हतं.

वैनी आत गेल्या आणि पितळी पेल्यात पाणी घेऊन आल्या. टँकरचं गाळून घेतलेलं, प्यायचं. पेला त्यांनी पिराजीपुढं ठेवला. "घाला बाटलीत. बगा तुमचा दिवा काय म्हनतो," एवढंच म्हणाल्या.

पिराजीनं बाटली धुवायलाही पाणी वापरलं नाही, फडक्यानं कोरडी पुसली. पाणी ओतलं, नळी सोडली, तारा बसवल्या. आम्ही चौघं पाहत राहिलो. बुडबुडा येईना. दिवा लागेना. वैनींनी चहा केला, तो पिऊन झाला, तरी नाही.

"म्हंजी झालं," मी म्हणालो. "दारू पुरी. काढ झाकण."

पिराजीनं मान हलवली आणि बोटानं झाकणाच्या कडेचं मेण चाचपलं. मग बोट थांबलं. मेणाला एका बाजूनं बारीक चीर गेली होती. म्हातारी रोज बाटली उचलायची, नळी ताणली जायची, उन्हाळ्यानं मऊ झालेलं मेण उकललं होतं. गॅस आता नळीतून न येता चिरेतून जात असणार. म्हणजे बुडबुडा येत नाही याचा अर्थ आंबणं थांबलं असाही होत होता, आणि जोरात चालू आहे असाही. दिवा दुरुस्त झाला होता आणि काहीच सांगत नव्हता.

"आता नाकाबिगर इलाज न्हाय," पिराजी म्हणाला.

मी वास घेतो म्हणून पुढं झालो. चिरेला नाक लावलं. काहीतरी उग्र होतं, पण काय ते कळेना. तपकीर ओढून ओढून माझं नाक कामातून गेलंय. मला स्टँडवर डिझेलचा वासही येत नाही. बनाबाईंना तर तोंडाला चव नाही की नाकाला वास. दर्शनसिंगाला बोलवावं तर त्याच्या पोटात काही राहत नाही. मेजरनं घरात दारू काढली ही बातमी दुपारच्या हैदराबाद गाडीनं पुढच्या गावाला पोचली असती.

पिराजी उठला. बरणीला त्यानं दोन्ही हातांनी मिठी घातली. "उकिरड्यावर घालतो," म्हणाला. "मला न्हाय पायजे सिरका. मला माजा भरवसा न्हाय."

हे वाक्य त्यानं बायकोच्या देखत म्हटलं. आई आणि मीही तिथं होतो. एवढं उघड बोलताना मी पिराजीला कधी ऐकलं नव्हतं.

"ठिवा खाली," वैनी म्हणाल्या.

"चांगुणा, सर."

"ठिवा म्हनते न्हवं?"

त्यानं ठेवली. वैनी पुढं आल्या, पदर खोचला, झाकणाखाली नखं घातली आणि उरलेलं मेण कडकड मोडून झाकण उचललं. पिराजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वैनी बरणीवर वाकल्या. एकदा वास घेतला. डोळे मिटले. पुन्हा घेतला, जरा लांबून. बाजारात बाई लोणच्याची कैरी पारखते तितक्याच शांतपणानं.

"दारू झालीया," त्या म्हणाल्या. "पुरी झालीया. गोड काय बी ऱ्हायलं न्हाय हिच्यात. आंबट व्हायला अजून लागली न्हाय. आता घाला तुमचं इरजन."

मी चकित झालो. "वैनी, तुम्हाला कसं कळतं एवढं?"

वैनी पदराला हात पुसत होत्या. पिराजीकडे त्यांची पाठ होती आणि त्याची त्यांच्याकडे.

"तुमी दारात आला का म्या वास घ्यायची," त्या पिराजीला म्हणाल्या, मला नाही. "गोडूस वास आला तर थोडी पेल्याली. मंग जेवाय वाढायची. असा, ह्या बरनीसारका कोरडा वास आला, तर लेकरं उचलून बिराप्पा भाऊंच्या घरी निऊन ठिवायची. रोज वासावर ठरवायची. चूक झाली न्हाय कदी."

त्या काळी बोळापलीकडून दोन लेकरं संध्याकाळी आमच्याकडे यायची आणि आमच्या पोरांत झोपायची. माझी बायको त्यांना भाकरी द्यायची. मला वाटायचं, खेळायला येतात. बायकोला खरं माहीत असणार, पण तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि वैनींनीही इतक्या वर्षांत कुणाला काही सांगितलं नाही. बनाबाई दातांतली काडी हातात घेऊन खाली पाहत होत्या.

पिराजी भिंतीशी तसाच उभा. वैनींनीच दर्शनसिंगाकडचा जुना सिरका बरणीत ओतला, फडकं बांधलं, सुतळीची गाठ मारली. घरभर आंबट वास पसरला.

मग पिराजी वळला. रुमालाची आता गरज नव्हती. तो चालत वैनींच्या समोर येऊन उभा राहिला, अगदी जवळ, दारात उभं राहावं तसा.

"रांजनातलं पानी पेलोय म्या रोज," तो म्हणाला. "घे वास."

"काय बी काय! माय हायत, भाऊ हायत."

"घे, चांगुणा."

त्यानं तोंड उघडलं. पन्नाशी उलटलेला, मिशा पिकलेला फौजी गडी, शाळेतल्या पोरासारखा आ करून उभा. वैनींनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्या टाचा उंचावून पुढं झाल्या आणि वास घेतला.

वैनी मागं सरकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू यायला लागलं होतं.

"कांदा," त्या म्हणाल्या. "नुसता कांदा खाल्लाय सकाळी. दुसरं काय बी न्हाय."